हाताचा खेळ आणि खरेपणाचे माप

कामगार-चळवळीतल्या माणसाने खेळांच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अवजार आणि हात यांचा संबंध हाच आमच्या आयुष्याचा विषय राहिला आहे. अवजाराने हाताकडून किती मागावे आणि बदल्यात काय द्यावे, हा प्रश्न जसा कारखान्यात उभा राहतो, तसाच तो घरातल्या पडद्यापुढेही उभा राहिला आहे. बटणे दाबण्याऐवजी हात फिरवून जे व्हिडिओ खेळ खेळतात, त्यांची हकीकत ही याच प्रश्नाची हकीकत होय.

१९८९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने निंटेंडोच्या खेळयंत्रासाठी 'पॉवर ग्लव्ह' नावाचा हातमोजा बाजारात आणला. आपण बोटे वाकवावीत, हात हलवावा आणि ते पडद्यावर उमटावे, ही कल्पना मोठी मोहक होती. पण मोजा हालचाल ढोबळपणे टिपी, आणि त्या काळचे बहुतेक खेळ बटणांसाठीच रचलेले. हाताने सांगावे एक आणि पडद्याने समजावे दुसरेच, अशी गत झाली. १९९० मध्येच त्याचे उत्पादन थांबले.

पुढचे मोठे पाऊल खुद्द निंटेंडोने टाकले. क्योटो शहरातली ही कंपनी १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी निघाली होती. तिचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी, जे कधी खेळत नाहीत त्यांना खेळात आणायचे, असे धोरण धरले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' हे यंत्र आले. त्याबरोबर दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखी एक कांडी मिळे. तिच्या पोटात एक इवलासा मापक होता. झटका केव्हा व केवढा बसला आणि कांडी कोणीकडे कलली, एवढे त्याला कळे. हाताने घेतलेले प्रत्येक वळण मात्र कळत नसे.

एवढ्या तुटपुंज्या मापावर त्यांनी 'वी स्पोर्ट्स' मधील टेनिस उभे केले. त्यात धावावे लागत नाही. पडद्यावरची बाहुली आपण होऊन चेंडूपाशी जाते. आपण फक्त योग्य क्षणी हात फिरवायचा. लवकर फिरवला तर चेंडू एका बाजूला जातो, उशिरा फिरवला तर दुसऱ्या. खऱ्या टेनिसातले धावणे आणि दम लागणे टाकून त्यांनी वेळ साधणे तेवढे राखले. या खेळाच्या ८ कोटींहून अधिक प्रती गेल्या. बहुतेक देशांत तो यंत्राबरोबरच दिला जाई, हे त्या आकड्यामागचे एक कारण आहेच. परंतु अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत आजी-आजोबा उभे राहून त्यातला बोलिंगचा खेळ खेळू लागले, ते केवळ फुकट मिळाला म्हणून नव्हे. माणसे इतकी रंगली, की मनगटाचे बंद तुटून कांड्या खोलीभर उडू लागल्या. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला सुमारे ३२ लाख बंद बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.

पण लोक लवकरच शहाणे झाले. खुर्चीत बसून नुसते मनगट झटकले तरी चेंडू जातो, हे त्यांनी हेरले. अंग झोकून हात फिरवणारा आणि मनगट हलवणारा, दोघांना मोबदला सारखाच! आमच्या भाषेत सांगायचे तर हजेरी मांडली गेली, काम मोजलेच गेले नाही.

हे ओळखून निंटेंडोने २००९ साली वळण मोजणारी जोड कांडीला दिली. तिच्यावर २०११ साली 'झेल्डा' मालिकेतला 'स्कायवर्ड स्वोर्ड' हा खेळ रचला गेला. त्यात शत्रू एका अंगाने पहारा धरतो. वार मोकळ्या अंगानेच केला पाहिजे. हाताची दिशा हाच इथे खेळ झाला. परंतु ज्याचा हात लवकर थकतो किंवा खांदा दुखतो, त्याला दार बंद झाले. माप चोख झाले आणि हजेरीपटावरची नावे कमी झाली. २०२१ साली हाच खेळ पुन्हा काढताना, हाताने खेळा किंवा बटणांनी, अशी दोन्ही सोय करण्यात आली.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणला. त्यात हाती काहीच धरायचे नाही. कॅमेरा सारे शरीर पाहतो. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग गेले. परंतु हालचाल आणि पडद्यावरचे उत्तर यांत अंतर पडे, आणि समोर सहा-आठ फूट मोकळी जागा लागे. दहा बाय दहाच्या खोलीत संसार करणाऱ्यांना ही अट काय आहे, ते सांगायला नको. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. शरीर सगळे मोकळे, तरी खेळ अवघडलेला!

शेवटचे उदाहरण चेक देशात तयार झालेल्या 'बीट सेबर' चे. २०१९ साली पूर्ण रूपात आलेला हा खेळ डोळ्यांवर चष्मा चढवून खेळतात. संगीताच्या तालावर येणारे ठोकळे प्रकाशाच्या तलवारींनी कापायचे. असे काम जगात कोणी करीत नाही, आणि त्या तलवारींना वजनही नाही. मात्र कापण्याआधी हात १०० अंश आणि कापल्यावर ६० अंश फिरला, तरच त्या फिरण्याचे पूर्ण गुण मिळतात. जेवढा हात चालला तेवढा मोबदला. आणि नवख्याला, चुकले तरी डाव मोडू नये, अशी सवलतही घेता येते.

आमचे म्हणणे एवढेच, की खेळ जगाची हुबेहूब नक्कल करतो की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. हाताने केलेले काम नीट मोजले जाते की नाही, आणि ज्याचा हात तेवढा चालत नाही त्याला आत जागा आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. यंत्रावर बोटे गमावलेली माणसे आमच्या सभांना येतात. संध्याकाळी नातवंडांबरोबर खेळण्याचा हक्क त्यांनाही आहे.