शरीर स्वतःवर का उलटत नाही?

1900 च्या सुमारास पाउल एर्लिख आणि युलिउस मॉर्गेनरोथ यांनी जर्मनीत बकऱ्यांवर काही प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचे रक्त टोचले की तिच्या रक्तद्रवात त्या परक्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे तयार होत. तिच्या स्वतःच्या पेशींना मात्र तोच रक्तद्रव काही करत नसे. त्यावरून एर्लिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ ही कल्पना मांडली: स्वतःवरच विषप्रयोग करणे शरीर टाळते. स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे तयारच होणार नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. ती झाली तरी त्यांना आवर घालणारी काहीतरी योजना शरीरात असली पाहिजे, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. पुढच्या पिढीने ही पुस्ती गाळली आणि उरलेले वेदवाक्य मानले.

उलट पुरावा लवकरच हाती आला होता. थंडी बाधली की लाल लघवी होणारे काही रुग्ण व्हिएन्नात युलिउस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी 1904 मध्ये अभ्यासले. अशा रुग्णाचे रक्त परीक्षानळीत घालून बर्फात ठेवायचे आणि मग अंगाच्या उबेला आणायचे. तांबड्या पेशी फुटून वरचा द्रव लालेलाल होई. न गारठवता नुसतेच उबेला ठेवले तर काहीच होत नसे. रुग्णाच्याच रक्तातले प्रतिपिंड थंडीत त्याच्याच पेशींना चिकटत होते. एवढा स्वच्छ प्रयोग असूनही त्याची गणना चमत्कारिक अपवादांत झाली, आणि हा विषय जवळपास अर्धशतक मागे पडला.

पुढचा धागा गोठ्यातून आला. गाईला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे पशुपालकांना ठाऊक होते. गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात हे त्यामागचे कारण फ्रँक लिली यांनी 1916 मध्ये दाखवले. विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गुरांचे रक्तगट तपासत होते. एका गाईला दोन वेगळ्या जातींच्या वळूंपासून एकाच वेळी जुळे झाले होते. वासरांचे बाप वेगळे होते, हे त्यांच्या अंगावरच दिसत होते. रक्तात मात्र दोघांच्याही दोन्ही प्रकारच्या पेशी सापडल्या. जन्माआधी आलेल्या परक्या पेशी मोठेपणीही त्या शरीरात सुखाने नांदत होत्या. ओवेन यांनी हे 1945 मध्ये प्रसिद्ध केले.

त्याचे महत्त्व ऑस्ट्रेलियाच्या मॅकफर्लेन बर्नेट यांनी ओळखले. आपले कोण आणि परके कोण, हे प्रतिकारसंस्था गर्भावस्थेत शिकत असावी, असे त्यांनी फ्रँक फेनर यांच्यासह 1949 मध्ये लिहिले. प्रत्यक्ष प्रयोग पीटर मेडावार, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी लंडनमध्ये केला. तपकिरी जातीच्या उंदरांच्या गर्भांत त्यांनी पांढऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. त्यांतल्या काही उंदरांनी वाढल्यावर पांढऱ्याची कातडी स्वीकारली. तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांचा झुपका उगवला. 1953 च्या या निबंधाने सहिष्णुता जन्मजात नसून कमावता येते हे सिद्ध केले. 1960 चे नोबेल बर्नेट आणि मेडावार यांना मिळाले. ओवेन वगळले गेले. ते मानकरी असायला हवे होते, असे खुद्द मेडावार यांनीच त्यांना कळवले, आणि ते खरेच होते.

एर्लिख यांच्या नावावर चालणारा निर्बंध 1956 मध्ये ढासळला. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचून त्यांच्या थायरॉइडची नासधूस घडवली. विटेब्स्की स्वतः एर्लिख यांच्या परंपरेत वाढलेले, हे विशेष. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आता प्रश्न उलटा झाला: असे आजार होऊ शकतात, तर बहुतेकांना ते होत का नाहीत?

उत्तराचा एक भाग छातीतल्या थायमस ग्रंथीत होता. ही ग्रंथी निरुपयोगी समजली जाई. तिच्याविना प्रतिकारसंस्था लंगडी पडते हे जॅक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवले. स्वतःच्या ऊतींवर तुटून पडणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, तिथेच मारल्या जातात, याचा पुरावा जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या गटाने 1987 मध्ये दिला. पण ही चाळणी पक्की नाही. बऱ्याच धोकादायक पेशी निसटून रक्तात येतात.

त्यांना बाहेर कोण आवरते? जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी 1969 मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. उंदराच्या पिलाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर त्याची प्रतिकारशक्ती नुसती कमी होत नाही, अंडाशय नष्ट होते. पुढे रिचर्ड गर्शन यांनी ‘दडपणाऱ्या’ टी पेशींची कल्पना रूढ केली. 1970 च्या दशकात तिच्यावर निबंधांचा पाऊस पडला. 1980 च्या दशकात तिचा जनुकीय आधारच सापडेना आणि ती बदनाम झाली. त्या काळात या वाटेने जाणे म्हणजे नाव गमावण्याची जोखीम होती.

शिमोन साकागुची तरीही गेले. थायमस काढलेल्या पिलांना त्याच जातीच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या की आजार टळतो, हे त्यांनी पाहिले होते. नेमक्या कोणत्या पेशी, हे शोधायला दशकभर लागले. 1995 मध्ये त्यांनी या ‘नियामक’ टी पेशींची खूण जाहीर केली: पृष्ठभागावरचे सीडी25 हे प्रथिन.

तरी शंका उरल्या, त्या एका जुन्या उंदराने मिटवल्या. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात काही नर पिले खवलेदार कातडीची जन्मली आणि काही आठवड्यांतच दगावली. टी पेशी त्यांच्याच अवयवांवर चालून जात होत्या. दोष एक्स गुणसूत्रावर होता. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी तिथला संशयित भाग वीस जनुकांपर्यंत आणला आणि ती एकेक करून तपासली. दोषी निघाले शेवटचे, विसावे. 2001 मध्ये त्यांनी ते जनुक फॉक्सपी3 म्हणून जाहीर केले. त्यात बिघाड असलेल्या मुलांना आयपेक्स हा जीवघेणा आजार होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. दोनच वर्षांत हे जनुक साकागुचींच्या नियामक पेशींचा कारभार चालवते, हे सिद्ध झाले. एर्लिख यांची गाळलेली पुस्ती अखेर पेशीच्या रूपात सापडली होती. ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. अशा पेशी वाढवून ऑटोइम्यून आजार आणि प्रत्यारोपण यांत वापरण्याच्या, तर कर्करोगात त्यांनाच हटवण्याच्या चाचण्या सध्या रुग्णांवर चालू आहेत.