सुखना तलावाचा गाळ आणि सुखोमाजरीचे सामाजिक कुंपण

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम अधिसूचित केले. वृक्षलागवड, जलव्यवस्थापन, शाश्वत शेती अशी कामे स्वेच्छेने करणाऱ्यास बाजारात विकता येईल असे श्रेय द्यावे, ही त्यामागील कल्पना. निसर्ग राखणाऱ्याला मोबदला मिळावा, हा विचार मात्र आपल्याकडे नवा नाही. हरियाणातील एका लहानशा खेड्यात तो 1970 च्या दशकातच आकाराला आला होता. त्या प्रयोगाचे यश आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही आज पुन्हा वाचण्याजोग्या आहेत.

1958 साली शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सुखना चो या पावसाळी ओढ्यावर बांध घालून चंदीगडचा सुखना तलाव तयार झाला. पुढच्या दीड-दोन दशकांतच त्याच्या साठवणक्षमतेचा मोठा भाग गाळाने व्यापला. गाळ वारंवार उपसणे खर्चिक होते, आणि उपसला तरी नवा गाळ येतच होता. तेव्हा तो येतो कोठून, याचा शोध सुरू झाला. केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी ओढ्याच्या उगमाकडे गेले. बराचसा गाळ सुखोमाजरी गावाभोवतीच्या उघड्याबोडक्या उतारांवरून येत असल्याचे त्यांना आढळले.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. पाच मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. गवत असेल तर त्याची ऊर्जा पात्यांवर खर्ची पडते. नसेल तर ती मातीचे कण सुटे करते आणि वाहते पाणी ते पळवून नेते. शिवालिकचा भुसभुशीत खडक आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस यांची त्यात भर. उपायही उघड होता: उतारांवरची चराई थांबवावी, गवत आणि झाडे वाढू द्यावीत.

परंतु ती चराई हाच गावाचा आधार होता. शेती कोरडवाहू, पीक बेभरवशाचे. म्हणून लोक शेळ्या आणि गुरे पाळत. शहराचा तलाव वाचावा म्हणून या माणसांनी आपली जनावरे का बांधून ठेवावीत? संशोधकांनी खोदलेले चर आणि लावलेली रोपे चराईपुढे टिकेनात, यात नवल नव्हते.

1976 च्या सुमारास गावाजवळ मातीचा एक छोटा बंधारा बांधला गेला. त्यात साठलेले पाणी शेताला मिळू लागले, तसे पीक सावरले आणि लोकांना टेकडी राखण्याचे कारण सापडले. मात्र लगेच दुसरा पेच उभा राहिला. पाण्याचा लाभ बंधाऱ्याखाली जमीन असणाऱ्यांना. चराईबंदीचा भार भूमिहीनांसह सर्वांवर. अखेरीस ठरले की जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाचा पाण्यात समान वाटा. ज्याला पाणी नको असेल त्याने आपला वाटा दुसऱ्यास मोबदल्यावर द्यावा. या एका निर्णयाने तारेच्या कुंपणाची गरज संपवली. पुढे ‘सामाजिक कुंपण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो येथूनच. शेळ्या घटल्या, गोठ्यात म्हशी आल्या, उतारांवर गवत वाढले आणि तलावाकडे जाणारा गाळ मोठ्या प्रमाणात कमी झाला. दोरखंडासाठी आणि कागदासाठी लागणारे भाबर गवत कापण्याचा ठेकाही नंतर वनखात्याने गावाच्या संस्थेकडे दिला.

बंगालमधील अराबारीबरोबरच सुखोमाजरीचे उदाहरणही देशाच्या धोरणापर्यंत पोहोचले. 1 जून 1990 रोजी केंद्राने राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकातून संयुक्त वनव्यवस्थापनाची वाट खुली झाली.

तथापि व्यवस्थेचा पाया अपुरा होता. टेकडी वनखात्याच्या मालकीची. गावसंस्थेला मिळालेले हक्क खात्याच्या संमतीवर अवलंबून. गवताच्या उत्पन्नात कोणाचा वाटा किती, यावरून पुढे वाद झाले. ज्या शहराचा तलाव वाचला, त्याने गावाला थेट मोबदला देण्याची कायमची सोय झालीच नाही. शास्त्रीय निदान अचूक होते, गावाचा निर्णय न्याय्य होता. पण तो निर्णय टिकवण्याचा कायदेशीर अधिकार गावाकडे नव्हता.

1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने मृदसंधारण, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण हे विषय पंचायतींकडे सोपवता येतील अशी तरतूद केली. या चौकटीत काय घडू शकते, याचे उदाहरण केरळमधील वायनाड जिल्ह्यात दिसते. 2016 साली कार्बन-समतोलाचे उद्दिष्ट स्वीकारणाऱ्या मीनंगाडी ग्रामपंचायतीने वृक्षबँकेची योजना आखली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीवरील झाड नोंदवायचे; त्यावर दरवर्षी 50 रुपये बिनव्याजी कर्ज दहा वर्षांपर्यंत मिळते. झाड तोडले तरच परतफेड. निधीचा आधार राज्य सरकारचा. सहभाग ऐच्छिक, झाड शेतकऱ्याचे आणि हिशेब पंचायतीच्या हाताशी. रक्कम लहान आहे, म्हणून लाकडाचा भाव चढल्यावर ती पुरेल का, हा प्रश्न उरतोच.

आज उपग्रहाच्या साहाय्याने वृक्षाच्छादन मोजता येते आणि श्रेयाची नोंद संगणकावर ठेवता येते. टेकडीवर गुरे चारणे कोणी सोडले आणि त्याच्या घरी त्या बदल्यात काय पोहोचले, याची नोंद मात्र गावातच होऊ शकते. ग्रीन क्रेडिटच्या प्रत्येक प्रकल्पाला तो हिशेब मागितला पाहिजे, आणि तो मागण्याचा अधिकार ग्रामसभेला असला पाहिजे.