विमानाचं तिकीट कधी काढावं? भाड्याचा इतिहास काय सांगतो

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्यातलं पेडगाव म्हणजे भीमेकाठचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, असं मानतात. आपण जमलो आहोत ते परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात. पण वेड पांघरणारे आजही आहेतच. सकाळी विमानाच्या तिकिटाचा भाव एक, दुपारी दुसरा, आणि का वाढला ते सांगायला कोणी नाही. म्हणून आज आपण विचारणार आहोत, तिकीट कधी काढलं म्हणजे स्वस्त पडतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा १९४५ साली हैदराबादेत डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ साली संसदेनं कायदा केला आणि डेक्कनसकट देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढची चार दशकं देशातलं भाडं ठरलेलं असे. काही सवलती होत्या, पण महिनाभर आधी काढा की आदल्या दिवशी, पैसे तेवढेच. आपल्या एसटीसारखं. तेव्हा ‘कधी काढू’ हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो परवडतं का, आणि जागा मिळेल का.

हा प्रश्न जन्माला आला तो परदेशात. १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक साधा हिशेब मांडला. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मग स्वस्तात विकावी का? विकावी, पण उशिरा येणारं जास्त पैशाचं गिऱ्हाईक हातचं जाणार नाही इतपतच. इथं आठवडी बाजाराशी तुलना करून बघा. संध्याकाळ झाली की भाजी उतरते, कारण घरी नेऊन उपयोग नसतो. विमानात उलटं होतं. शेवटी येणारा माणूस हौसेनं येत नाही. त्याला जावंच लागतं, म्हणून त्याच्याकडून जास्त घेतात. शेवटच्या दिवशी भाव पडेल म्हणून थांबणारे बहुधा इथंच फसतात.

अमेरिकन एअरलाइन्सनं १९७७ साली आगाऊ तिकीट काढणाऱ्यांसाठी स्वस्त भाडी आणली. १९७८ साली अमेरिकेत भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठू लागलं. १९८५ मध्ये पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीशी लढताना अमेरिकननं संगणकाच्या मदतीनं काही खुर्च्या स्वस्त ठेवल्या, बाकीच्या महाग. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेसचं नाव संपलं.

आपल्याकडे १९५३ चा कायदा १९९४ ला रद्द झाला. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन उडाली आणि एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा गावोगाव झाली. ती तिकिटं खरी होती, पण मोजकी होती. खरी गोम इथंच आहे. एका विमानात भाड्याचे अनेक कप्पे असतात. खालचा संपला की वरचा उघडतो.

हे रेल्वेत उघडपणे दिसतं. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो, शताब्दी गाड्यांत दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, एका मर्यादेपर्यंत. विमानात ही पायरी दिसत नाही, एवढाच फरक. आपल्या शेजारी नांदेडहून २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं हैदराबादचं विमान सुरू झालं. तासाभराच्या प्रवासाला तेव्हा २५०० रुपयांच्या आसपास, पण हे भाडं साधारण निम्म्याच जागांना होतं. उरलेल्यांना बाजारभाव.

तेव्हा इतिहासातून निघणारे आडाखे असे. देशातल्या प्रवासासाठी एक ते दोन महिने आधी, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तीन, परदेशासाठी तीन ते पाच. फार लवकर, म्हणजे दहा-अकरा महिने आधी, काढूनही फायदा होईलच असं नाही, कारण तेव्हा कंपनीला स्वस्त कप्पे उघडण्याची घाई नसते. ‘मंगळवारी रात्री काढा’ हा सल्ला जुन्या काळातला. कोणत्या वारी काढता यापेक्षा कोणत्या वारी उडता याला महत्त्व. चौघांचं तिकीट काढताना आधी एकट्याचा भाव बघा. खालच्या कप्प्यात तीनच जागा असल्या तर चौघांनाही वरचा भाव लागू शकतो. आणि परभणीहून नांदेड, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी रेल्वेनं जाता येतं, तेव्हा रेल्वेचं भाडं धरून तिन्हीकडचे भाव ताडून बघा.

पण मंडळी, एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पद्धतीत गरीब माणूस विमानात चढतच नव्हता, त्यामुळे तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. नव्या पद्धतीत तो चढतो, पण ज्याला आधी ठरवता येत नाही तो सगळ्यात जास्त पैसे मोजतो. मयतीला निघालेला दोन महिने आधी कसं ठरवणार? मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात सरकारनं भाड्याला किमान आणि कमाल मर्यादा घातली होती. म्हणजे लगाम घालता येतो, हे आपण पाहिलेलं आहे.

आपल्या भागातली अडचण आणखी वेगळी. स्वस्त कप्पे उघडे असतात श्रावण-भाद्रपदात, आणि हातात पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, कापूस मानवतच्या बाजारात गेल्यावर. तोवर दिवाळीचं तिकीट वरच्या कप्प्यात पोचलेलं असतं. यावर उपाय घरातच आहे. दिवाळीची तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते. बेंगळुरूला, दिल्लीला ज्याचा पगार चालू आहे, त्यानं श्रावणातच तिकीट काढून टाकावं. हिशेब मग सोयाबीन विकल्यावर करता येतो.