वसईचा किशोर, नागासाकीचा रक्तसाक्षी

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच वज्रेश्वरीचे देवस्थान आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि त्या मोहिमेतील नवस फेडण्यासाठी हे मंदिर उभारले गेले, हा इतिहास येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडतो. ज्या वसईचा त्यात उल्लेख येतो, तेथे या विजयाच्या सुमारे एकशे सत्तर वर्षे आधी एक मुलगा शिकत होता. त्याची कथा मात्र आपल्याच मुलांना फारशी ठाऊक नसते. तो मुलगा म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांनी त्याचे गुण हेरले आणि १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो जपानला गेला. तेथे त्याला केवळ उपदेश ऐकवत बसवले गेले नाही. तो जपानी भाषा शिकला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. जपानमधील ख्रिस्तसभेत अशा मुलांना व तरुणांना ‘दोजुकु’ म्हणत. वेदीसेवा, धर्मशिक्षण, दुभाष्याचे काम, आजाऱ्यांच्या भेटी हे सारे त्यांच्यावर सोपवलेले असे. मूठभर परदेशी धर्मगुरूंना जपानमध्ये कार्य करता आले, ते बऱ्याच अंशी या मुलांच्या बळावर.

तथापि गोन्सालोची वाट सरळ नव्हती. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पूर्ण झाली नाही, असे चरित्रकार सांगतात. निराश होऊन तो व्यापारात शिरला आणि त्यात त्याने चांगला जम बसवला. पण किशोरवयात पडलेले बीज मेले नव्हते. मनिला येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या सहवासात ते पुन्हा अंकुरले. व्यापार सोडून १५८८ च्या सुमारास तो त्यांच्या संघात धर्मबंधू झाला. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून तो जपानला परतला. मुलगा असताना शिकलेली भाषा आता ख्रिस्तसभेच्या कामी आली.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याचा मिशनऱ्यांविषयीचा संशय बळावला. धरपकड झाली. क्योतो येथे बंदिवानांचे कान छाटून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे आठशे किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार मारले. त्यांत चाळिशीचा गोन्सालो होता. बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा अंतोनिओ आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी ही फ्रान्सिस्कनांच्या घरी सेवा करणारी मुलेही होती. थॉमसचे वडील मिकाएल त्याच्याबरोबरच हुतात्मा झाले. वाटेत थॉमसने आईला पत्र लिहिले. त्यात स्वतःविषयी तक्रार नाही; धाकट्या भावांची श्रद्धा जप, अशी आर्जव आहे. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले.

आज आपल्या धर्मग्रामांत दृढीकरण झाले की कित्येक मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे पाठ फिरवतात. त्यांच्यासाठी आपण सहली, शिबिरे, स्पर्धा भरवतो. त्या हव्यातच; पण नुसत्या करमणुकीने शिष्य घडत नाहीत. गोन्सालोच्या गुरूंनी त्याच्यावर काम सोपवले. आपण पंधरा वर्षांच्या मुलावर काय सोपवतो? लहान मुलांना शिकवणे, आजाऱ्याच्या घरी जाणे, मिस्सात वाचन करणे, यांतले काही तरी त्याचे स्वतःचे असावे. शिवाय, जो मुलगा नोकरी-धंद्याच्या ओढीने दूर गेला, त्याच्या नावावर आपण काट मारू नये. वसईचा हा व्यापारीही काही वर्षे दूरच होता. तो परतला, तेव्हा त्याच्यासाठी एक दार उघडे होते. ते दार उघडे ठेवण्याचे काम धर्मगुरूंचे आहे, तितकेच प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचे आहे.