कप्तान कोणाला करायचे?

शाळेचा कबड्डीचा संघ निवडायला वेळ लागत नाही. मुलांना मैदानात उतरवले की कोण किती पाण्यात आहे, ते अर्ध्या तासात कळते. खरी पंचाईत होते ती कप्तान निवडताना. आपल्या बिदर-कलबुर्गी भागात एकाच संघात कोणी घरी मराठी बोलतो, कोणी कन्नड, कोणी दखनी. खेळताना सारे एक असतात. कप्तानाचा विषय निघाला की भाषा, आडनाव, गल्ली सगळे आठवते. अशा वेळी मी मुलांना पालवणकर बंधूंची हकिकत सांगतो.

थोरले बाळू यांचा जन्म आपल्याच कर्नाटकातल्या धारवाडचा. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदू संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवी झाली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गट घडण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: जमणे, झगडणे, जुळणे आणि मग जोमाने काम करणे. हिंदू संघ १९०६ साली जमला होता, जिंकलाही होता. पण जुळला नव्हता. जिंकणारा संघ जुळलेला असतोच असे नाही, हे आपण शिक्षकही विसरतो.

झगडा उघड झाला तो १९२० साली. बाळूंना वगळले आणि कप्तानपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलले, म्हणून विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. वृत्तपत्रांत चर्चा झाली. त्याच स्पर्धेत पुढे बाळूंना उपकप्तान करावे लागले. अखेर १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्याच्या हाताखाली खेळायला काहींची तयारी नव्हती, त्याच्याच हाताखाली संघ एक झाला. धर्मवार संघांची ती स्पर्धाही पुढे १९४६ नंतर बंद पडली.

ही हकिकत सांगून झाली की मी मुलांना चिठ्ठ्या वाटतो. ‘कप्तान कोण हवा?’ असे विचारत नाही. विचारतो, ‘सामना हातचा जायला लागला की तुम्ही कोणाकडे पाहता?’ चिठ्ठ्या मराठीत येतात, कन्नडमध्ये येतात, उर्दूत येतात. नाव बहुधा एकच असते.