अशोकाची सहल आणि आपली

मंडळी, मुंबईहून एका दिवसात गरम पाण्याची कुंडं बघायची म्हटलं की वज्रेश्वरी ठरलेली. गाडी काढा, अकलोलीला डुंबा, मिसळ हाणा, परत या. माझी सूचना एवढीच की जाताना वाटेत नालासोपारा पश्चिमेला थांबा. आता तुम्ही म्हणाल, नालासोपारा? लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेलं? हो, तेच!

हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'सुप्पारा' म्हणून येतं. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्याचं लिहिलंय. म्हणजे इथे मुक्कामाची सोय आज नसेल, पण दोन हजार वर्षांपूर्वी होती.

गावाबाहेर विटांचं एक टेकाड होतं. लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आत निघाला बौद्ध स्तूप. मध्यभागी दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जिवापाड जपलेले. एवढी राखण कशाची, तर खापरांची! मला ही गोष्ट दर वेळी हलवून जाते.

पण सहलीच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच आहे. त्याच वर्षी भगवानलालांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तुकडा लहान, पण अशोकाने हाच मजकूर गिरनार, कालसी वगैरे ठिकाणीही कोरून घेतला होता, म्हणून उरलेला भाग आपल्याला वाचता येतो. (आमच्या भाषेत, बॅकअप पाच-सात सर्व्हरवर ठेवला होता.) आणि आठव्या लेखाचा विषय काय, तर चक्क सहली. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार करत, मौजमजा करत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, खेड्यातल्या माणसांशी बोलायचं. राजाला यातच जास्त आनंद मिळतो, असंही त्यात म्हटलंय. पिकनिकला शिकारीऐवजी माणसं बघायला जा, हे सांगणारा दगड नेमका आपल्या वेस्टर्न लाइनवर सापडावा!

असो. स्तूपाला अर्धा-पाऊण तास पुरे. भोवती इमारती दाटल्यात. खाडी गाळाने भरत गेली, बंदर गेलं आणि गावाचं महत्त्वही गेलं.

मग हायवे गाठून शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे वज्रेश्वरी. हा क्रम उलटा करू नका. गरम पाण्यात बसल्यावर जी सुस्ती येते तिच्यापुढे मौर्य काळ टिकत नाही. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, अशी कथा गावात सांगतात. भूगर्भशास्त्र कमी रंगतदार आहे. इथे जागा ज्वालामुखी वगैरे काही नाही, दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गार झाला. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. कोकणात थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे.

पाय घालण्याआधी हाताने पाणी बघा, काही कुंडं चांगलीच चटका देतात. तानसेच्या पात्रातली कुंडं पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी उत्तम. वेळ उरला तर वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढा. वसई जिंकली तर देऊळ बांधीन असा चिमाजीअप्पांनी नवस केला होता, अशी परंपरा आहे. वसई १७३९ मध्ये पडली. देवळाला तटबंदीही किल्ल्यासारखीच आहे.

अशोकाचा तो दगड मात्र सोपाऱ्यात शोधू नका. तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यासाठी पुढचा शनिवार राखून ठेवा.