नंदाघरचा सोहळा आणि आपला तान्हा पोळा



गेल्या संक्रांतीनंतर वर्ध्याला एका ओळखीच्या घरी बाळाच्या लुटीला गेलो होतो. पुण्या-मुंबईकडे जिला बोरन्हाण म्हणतात तीच आपली लूट, हे तुम्हांला सांगायला नको. दहा महिन्यांचे बाळ, अंगात काळे झबले, डोक्यावर हलव्याचा मुकुट. पाटाभोवती शेजारची पोरे बोरे आणि उसाचे तुकडे लुटायला टपलेली. सगळे यथासांग होते. पण सभागृहात गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की बाळ रडते आहे हे त्याच्या ओठांवरूनच कळत होते. आई आलेल्या बायांना वाण देत होती, बाप फोटोवाल्याला जागा करून देत होता. शेवटी पणजी उठली. तिने तो मुकुट काढला आणि बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बोरे बाळाविनाच लुटली गेली.

मला दशम स्कंधाचा सातवा अध्याय आठवला. सप्ताहात आपण शकटभंजनाची कथा दरवर्षी ऐकतो. बाळकृष्णाने लाथ मारली आणि गाडा उलथला, एवढे आपल्या लक्षात राहते. पण त्या दिवशी नंदाघरी काय होते? श्रीकृष्ण पहिल्यांदा कुशीवर वळला होता, त्याचा सोहळा होता. त्याच दिवशी त्याचे जन्मनक्षत्रही आले होते. गोकुळातल्या बाया जमल्या होत्या, वाद्ये वाजत होती, ब्राह्मणांना अन्न, वस्त्रे, गाई दिल्या जात होत्या. बाळाला न्हाऊ घातले, त्याचे डोळे मिटू लागले, तेव्हा यशोदामाईने त्याला हळूच गाड्याखाली निजवले आणि ती पाहुण्यांच्या सरबराईला लागली. बाळ जागे झाले, दुधासाठी रडू लागले. आणि व्यासांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की माईला ते रडणे ऐकू आले नाही.

यशोदेसारखी आई, आणि तिला ऐकू आले नाही! दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. सोहळ्यात असे होते, एवढेच व्यास सांगतात. पुढचे तर आणखी पाहण्यासारखे आहे. गाडा कसा उलथला हे मोठ्यांना कळेना. तिथे खेळणाऱ्या पोरांनी सांगितले, यानेच रडता रडता पाय झाडला. मोठ्यांनी विश्वास ठेवला नाही. पोरांचे बोलणे म्हणून सोडून दिले. एका सोहळ्यात बाळाचे रडणेही ऐकले गेले नाही आणि मुलांचे बोलणेही.

लगेच पुढचा, आठवा अध्याय नामकरणाचा. वसुदेवांनी गर्गाचार्यांना गोकुळात पाठवले. त्यांना धास्ती कंसाची. यादवांच्या पुरोहिताने नाव ठेवले तर हा देवकीचा मुलगा असा संशय यायचा. तेव्हा नंदाने सांगितले की इथे गोठ्यातच, माझ्या माणसांनाही कळू न देता, स्वस्तिवाचन करून संस्कार उरका. म्हणजे ज्या नावाचा आपण रोज जप करतो, ते नाव गाईंच्या गोठ्यात, वाजंत्री नाही, पंगत नाही, अशा ठिकाणी ठेवले गेले. नावाला त्याने काही उणेपणा आला काय?

आपल्याकडे पाचवी, बारसे, उष्टावण, जावळ असे एकामागून एक येतच असते. जावळाला मामाची मांडी लागते, ती लागावीच. त्या निमित्ताने लेकीचे माहेर येते. पण दोन-दोनशे पाने उठवायची, आहेर करायचे, आणि कापूस घरात येण्याआधीच त्याच्यावर पैसे उचललेले, हे कोणत्या शास्त्रात आहे? २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा होता. त्या घरांत काय काय साचले होते ते एका कारणात मावणारे नाही, हे मी जाणतो. तरीपण कुण्या शेतकऱ्याच्या घरी पाळणा हलला की मी गोठ्यातल्या बारशाची गोष्ट मुद्दाम काढतो. कुणाला राग येतो. येऊ द्यावा.

मग मुलांचा म्हणावा असा सण आपल्याकडे कोणता? मला विचाराल तर तान्हा पोळा.

याला इतिहास आहे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली नागपुरात तान्हा पोळा सुरू केला असे मानतात. मुलांनाही बैलाचे मोल कळावे, म्हणून त्यांच्या हाती लाकडी बैल दिले. त्याआधी तीनच वर्षे, १८०३ मध्ये, आडगावची लढाई आणि गाविलगड हरल्यावर देवगावच्या तहात राजांनी कटक इंग्रजांना दिले होते आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा मुलूखही सोडला होता. नदीच्या अलीकडचा आपला काठ मात्र भोसल्यांकडे राहिला. नागपूरची रीत सेलू-हिंगणघाटाकडे इतकी सहज रुजली, त्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते. पुढे इंग्रजी अमलात, १८६२ साली, नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, आणि तिच्या वाटेवरच्या सिंदीच्या नावालाच रेल्वे चिकटली. त्याच सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आज पाहायला लांबून माणसे येतात. माणसापेक्षा उंच लाकडी नंदी, झुली, घुंगरमाळा, देखावे. कारागिरी अशी की हात जोडावेत.

पण माझे मन रमते ते आपल्या लहान गावांतल्या पोळ्यात. श्रावण अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा. तीच पिठोरी अमावास्या. संध्याकाळी माय खीर-पुरीचे वाण खांद्यावरून मागे धरते आणि पाठीमागे न पाहता विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले लेकरू म्हणते, "मी." नीट पाहा, या व्रतात आई थांबते आणि मूल बोलल्याशिवाय व्रत पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तेच लेकरू चाकांचा बैल दोरीने ओढत घराबाहेर पडते. मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली सगळे बैल उभे राहतात, आणि मग दारोदार फिरून बोजारा मागायचा. कुणी रुपया देतो, कुणी चॉकलेट. त्या दिवशी दार मोठ्याचे आणि पाऊल लहानाचे. कुणाच्या बैलाला बेगड, कुणाचा मातीचा, शिंग मोडलेला. बोजारा सगळ्यांना सारखाच.

पूर्वी मुलगेच निघत. आता मुलीही निघतात, हे फार चांगले झाले. वाईट झाले ते दुसरेच. बक्षिसासाठी बाप भाड्याने मोठा नंदी आणतो, तोच ओढतो, आणि पोरगे मागून चालते. पुन्हा तेच, गाड्याखालचे बाळ. आणि गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा आहे. लाकडी बैलाला गंध लावणाऱ्या कितीतरी पोरांनी खऱ्या बैलाच्या वशिंडावर हात फिरवलेला नाही.

मागच्या तान्ह्या पोळ्याला माझ्या दारी चार वर्षांची एक मुलगी आली. बैल वीतभर, एक चाक डुगडुगते. मी दहाची नोट काढली. तिने ती मुठीत घेतली, पण जाईना. मी विचारले, "काय वं बाई, कमी पडले का?" तिने मान हलवली आणि बैलाकडे बोट दाखवले.

"आबाजी, थो सकाळपासून चालून राह्यला. याले पानी द्या ना."

मी आत गेलो आणि वाटीत पाणी आणून बैलापुढे ठेवले. बैलाचे पिऊन होईस्तोवर ती दोरी सैल धरून पायरीवर बसली.